खुर्च्यांचे सदरे

कव्हर म्हणजे खुर्चीचा सदरा. टेबलाचं धोतर. आरशाचा बुरखा.

हे अर्थ येसाजीचे स्वतःचे. माथेरानच्या त्या बंगल्याची राखण करता करता त्याने शेठाणीच्या तोंडून हा इंग्रजी शब्द उचलला आणि सापडेल तिथे घातला. पातेल्यावरचं झाकण कव्हर, पावसातलं इरलं कव्हर, शेळीच्या पाठीवरचं गोणपाटसुद्धा कव्हर.

"तुमच्या तोंडाला पण एक शिवून घ्या," त्याची बायको अंबाबाई म्हणाली. "लढाई लागल्यापास्नं माझ्या चोळीला कापड मिळंना, आन् हितं खुर्च्या सदरं घालून बसल्यात."

"तुला नाय कळायचं. यंदा थेंब आत गेला, तर मिशी उतरून देईन."

पण पणाला मिशी नव्हती, घर होतं. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या गाडीने शेठच्या आई, मोठ्या बाई, वर येऊन काम बघणार होत्या. पसंत पडलं तर येसाजीची नोकरी आणि मागची खोली राहणार, नाहीतर दोन्ही जाणार त्या जागेवर टपलेल्या गावातल्या हिरामणला. हिरामण तर परवाच खोलीत डोकावून चूल कुठे मांडायची ते ठरवून गेला होता.

म्हणून येसाजीने बंगल्यालाच कव्हर घातलं. पाऊस भिंतीत शिरू नये म्हणून तिथे चारी बाजूंनी गवताच्या ताट्या बांधतात. त्याने त्या इतक्या गच्च आवळल्या, की आतल्या पालीला घुसमटायला झालं असेल. एकेक खिडकी मिटत गेली. दिवाणखान्यात भरदुपारी तिन्हीसांज झाली.

शेवटची नजर टाकायला तो आत आला, तर लांब आरामखुर्ची उघडीच. वर शालीखाली कसलंसं गाठोडं.

"गोधड्या टाकल्यान् हितं! सांगून सांगून जीभ झिजली." रागाच्या भरात त्याने गोधड्यांसकट खुर्चीवर कव्हर ओढलं, कव्हराचे बंद खाली नेले आणि गाठी मारल्या. बाहेर आला. दारावर शेवटची ताटी चढवली.

सुंभाचं टोक खोचतोय, तोच रिक्षावाला हातरिक्षा ओढत फाटकात आला.

"मोठ्या बाईंना न्यायला आलो. गाडी सुटायची येळ झाली."

"अजून आल्या कुटं त्या?"

"आल्या कुटं? दुपारीच सोडलं की दारात. तू मागं ठोकत हुतास. हाका मारल्या तुला."

"मग?"

"बाई म्हणाल्या, असू दे, पडते जरा. ऐकू कमी येतं त्यांना. ठोकाठोकीचा त्रास नाय."

"कुटं पडल्या?"

"आत. शाल घेऊन."

कव्हर म्हणजे

येसाजीला या वेळी पुढचा अर्थ सुचेना. त्याने ताटीला हात घातला, ताटी हलेना. गाठ सुटेना. ज्याने बांधली त्याच्या सात पिढ्यांचा तो उद्धार करू लागला, आणि तो कोण ते आठवून गप्प झाला.

"कोयता आण गं!"

अंबाबाईने कोयता आणला, कंदीलही आणला. सुंभ तुटलं. आत सगळीकडे पांढरं, मुकाट. आरामखुर्ची हलत नव्हती.

"श्वास हाय का?" अंबाबाईने विचारलं.

"तूच बघ."

"बांधलं कुनी?"

येसाजी खुर्चीखाली आडवा झाला. एक गाठ तुटली. दुसरी. अंबाबाईने देवाचं नाव घेत कापड वर केलं.

शालीतून एक सुरकुतलेला चेहरा वर आला. डोळे उघडले.

"सकाळ झाली का रे?"

"नाय बाई." येसाजी खुर्चीखालूनच म्हणाला.

स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली. गाडी गेली.

मोठ्या बाईंनी उठून भिंती चाचपल्या. "वारा नाही. उजेड नाही. मुंबईत सुनेच्या घरी दुपारचा डोळा लागत नाही माझा. हे सगळं कोणी केलं?"

"ह्यांनीच," अंबाबाई म्हणाली. नवऱ्याला तिने कंदिलाच्या उजेडात पुढे ढकललं.

"नोकरी तुझीच. हिरामणला निरोप दे."

येसाजीने हात जोडले.

"आणि रिक्षावाल्या, माझ्या ट्रंका घोड्यावरून मागवून घे. पावसाळाभर मी इथेच राहणार. येसाजी, बाकीच्या खुर्च्या उघड."

"आन् ही, बाई?"

"ही रोज दुपारी मला आत घालून बांधायची. गाठ तेवढी सैल मार."