गळक्या शॉकपचा इलाज

मोटारसायकलीला नाक असतं, असं आमचे शेजारी दादाराव मानतात. पुढच्या दोन्ही शॉकपमधून तेल गळायला लागलं, तेव्हा त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हेडलाइटवर पंजा ठेवला आणि निदान सांगितलं, "सर, सर्दी झाली हिले. दोन्ही नाकपुड्या वाहून राह्यल्या."

देऊळघाटात त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. प्रत्यक्षात ते गुरांच्या दवाखान्यातले निवृत्त व्रणोपचारक. म्हणजे मलमपट्टी करणारे. पण सरकारने एवढा भारदस्त शब्द दिलाय तर वाया कशाला घालवायचा, म्हणून तो दारावरच्या पाटीवर आहे.

मी मेकॅनिकचं नाव काढलं, तर ते उसळले, "ज्याले नाडी पाहता येत नाही, त्याच्या हाती पेशंट काऊन देऊ?"

खरी निकड वेगळीच होती. कंबर धरल्यापासून त्यांच्या घरच्या काकू गाडीवर बसत नव्हत्या. दर गुरुवारी कंबरेच्या व्यायामासाठी बुलढाण्याला जायच्या, त्या ऑटोने. दादाराव मागून गाडीवर. तीस वर्षं पाठीशी बसलेली बायको पुढच्या ऑटोत पाठमोरी बघायची, हे त्यांना सोसत नव्हतं. काकू एवढंच म्हणाल्या होत्या, "लय आदळते ते. शॉकप नीट करा, मंग बसीन."

अंगणात जुनी चादर अंथरून शस्त्रक्रिया झाली. चाक उतरलं, नळ्यांवरचा गंज घासून निघाला, नवी सीलं बसली. तेल मोजायला म्हशीला टोचायची सिरिंज. "डोस चुकला का जनावर उठत नाही." मग मागच्या सीटवर पाण्याने भरलेली कळशी बांधून त्यांनी गावातले सगळे गतिरोधक पालथे घातले. "एक थेंब नाही सांडला, सर!" त्यांचा शर्ट पाठीवर चिंब होता. मी तो विषय काढला नाही.

गुरुवारी काकू बसल्या. परत आल्यावर मात्र आधी आमच्याकडे आल्या, शेकायची पिशवी मागायला. "कंबर गेली हो सर. पण त्यायले सांगू नका. लय खूश हायेत."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दादाराव गाडीपुढे उकिडवे बसून स्क्रू ड्रायव्हरने नव्या सीलची कड उचकटताहेत.

"ब्रेकर आला का तिचा खांद्यावरचा हात घट्ट होये," ते हळूच म्हणाले. "तोंडातून शब्द नाही. सारी जिंदगी मुक्या जनावरांत गेली, सर. मले समजत नाही काय?"

मग घराकडे तोंड करून ओरडले, "ऐकलं काय! शॉकप पुन्हा गळून राह्यले!"

आतून लगेच उत्तर आलं. जरा जास्तच लगेच. "जाऊ द्या ना! ऑटोनं जाऊ. अन् तुमीबी माह्या बाजूले बसा आता, मांगं मांगं काऊन येता?"

दादारावांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"हा इलाज मले काऊन सुचला नाही बे?" त्यांनी गाडीलाच विचारलं.