जगतापभाऊजींची वेगमर्यादा

बडोद्यात आमच्या सुभानपुऱ्यातल्या सोसायटीच्या फाटकावर एक काळी पाटी टांगलेली आहे आणि तिच्यावरचा आकडा दिवसातून चार वेळा बदलतो. सकाळी पंधरा. शाळेची बस यायच्या वेळी पाच. दुपारी सगळे झोपले की वीस. पाऊस पडून फरशी ओली झाली की दहा. खडूनं आकडा लिहायला जगतापभाऊजी स्वतः तिसऱ्या मजल्यावरून उतरतात, तेही जिन्यानं. लिफ्टचा वेग म्हणे कुणाच्याच हातात नसतो.

समोरच्या पटेलभाईंनी एकदा गाडीची काच खाली केली. "अरे काका, आ शुं? हुं पार्किंगमां जाउं छुं, लंडन नहीं!"

"लंडनला निघाला असतात तर साठ लिहिले असते," भाऊजी म्हणाले आणि खडूचे हात झटकले.

गोरव्याच्या एका कारखान्यात भाऊजींनी चौतीस वर्षं लेथ चालवला. पितळेला वेगळा वेग, पोलादाला वेगळा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यामुळे अहमदाबादच्या एक्स्प्रेस वेवर विजेच्या पाट्या दिसल्या, कधी शंभर दाखवणाऱ्या, कधी ऐंशी, कधी एकदम चाळीस, तेव्हा त्यांना गुरू भेटल्यासारखं झालं. मला म्हणाले, "वहिनी, आपल्याला फक्त बोनेटपर्यंत दिसतं. पाटी पुढचं बघते." 'बोनेटपर्यंत दिसतं' हा शेरा त्यांनी लग्नं जुळवणाऱ्यांपासून शेअर घेणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना देऊन झालाय.

मला हे प्रकरण समजावायला ते एकदा माझ्याच स्वयंपाकघरात आले. तेलाचं नरसाळं घेतलं, माझे तांदूळ घेतले, आणि भसकन ओतले. नरसाळं तुंबलं. "बघा! घाई केली, सगळेच अडकले." मग बेताबेतानं ओतले. सगळे सुरळीत खाली. खाली म्हणजे लादीवर, कारण पातेलं धरायचं दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

तेलकट तांदूळ वेचता वेचता मी म्हटलं, "अहो, म्हणजे गरब्यासारखंच की! एक बाई उगाच धावून पुढचीवर आदळते, थांबते, आणि मागचं अख्खं वर्तुळ ठेचकाळतं. सगळ्यांनी पाऊल जरा आवरलं तर कुणालाच थांबावं लागत नाही."

भाऊजी बघतच राहिले. "वहिनी, तुम्ही कारखान्यात हव्या होतात."

माझं शिक्षण सातवीपर्यंत. मी आठ दिवस खुशीत होते.

त्यांची बायको शैला, माझी मैत्रीण, चार वर्षांपूर्वी गेली. घरात उरले भाऊजी आणि लेक अनुजा. गेल्या हिवाळ्यात अनुजाला कॅनडात नोकरी लागली. दोन वर्षं तरी सुट्टी नाही. अहमदाबादहून संध्याकाळचं विमान, पाचाच्या आत विमानतळावर पोचायलाच हवं. ती म्हणत होती टॅक्सी करते. भाऊजींनी ऐकलं नाही. आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्हीही चला. शैला आली असती."

गाडीत अनुजा पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर गूळ-तुपातल्या सुखडीच्या वड्यांचा डबा. नडियादच्या अलीकडे पाटीवर साठ आलं. भाऊजी साठवर. पुढच्या पाटीवर चाळीस. भाऊजी चाळीसवर. रस्ता मोकळा, ऊन लख्ख. मागून हॉर्न सुरू. एक पांढरी गाडी शेजारून गेली, त्यातला माणूस ओरडला, "काका, बळदगाडुं लई आवो!"

"बैलगाडी आणा म्हणतोय," भाऊजींनी मला उगाचच मराठी करून सांगितलं. साठ वर्षं बडोद्यात काढली मी!

अनुजाचा जीव वरखाली होत होता. "बाबा, रस्ता रिकामा आहे! विमान काही माझी वाट बघत थांबणार नाही."

"पुढे काहीतरी असणार, बेटा."

"दर वेळी काय असतं पुढे?"

या वेळी मात्र होतं. सिमेंटचा ट्रक आडवा झालेला, गोण्या फुटलेल्या, एकच पट्टा चालू. चाळीसनं येणारे आम्ही सगळे मुंग्यांसारखे ओळीनं निघून गेलो, एकदाही न थांबता. पांढरी गाडी बाजूला उभी होती, नाक चेपलेलं, आणि मालक फोनवर कुणाला तरी शिव्या देत होता. त्याला लागलं नव्हतं, म्हणून मला हसू आलं. भाऊजी हसले नाहीत. एरवी त्यांनी यावर आणंदपर्यंत भाषण दिलं असतं आणि आणंद मागे पडलं असलं तरी परत फिरून दिलं असतं.

विमान मिळालं हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहायचा. धावपळ झाली, पण मिळालं.

मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. ट्रक मागे पडला आणि पुढच्या पाटीवर ठळक शंभर आलं. मी वेगाच्या काट्याकडे पाहिलं. साठ. म्हटलं, नजर चुकली असेल. पुढची पाटी आली, पुन्हा शंभर. काटा साठवरच. जन्मभर पाटीबाहेर न गेलेला माणूस सरळ समोर बघत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ.

अनुजानं घड्याळ पाहिलं. मग पाटीकडे, मग बापाकडे. तिनं तोंड उघडलं. मला वाटलं आता ओरडणार. पण तिनं मागे हात केला. "काकू, डबा द्या."

सुखडीचा एक तुकडा मोडून तिनं त्यांच्या तोंडापाशी नेला. त्यांनी रस्त्यावरची नजर न हलवता तो खाल्ला. तिनं दुसरा मोडला. तोही त्यांनी तसाच खाल्ला, काटा साठवरच.

"पाच मिनिटं, बाबा," ती हळूच म्हणाली. "मग शंभर."

त्यांनी मान हलवली. मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि तंबाखूची शेतं बघत बसले.