भोंग्याचं तोंड नदीकडं

आमच्या वडगाव रासाईत निवडणूक कुणाचीही असो, प्रचाराच्या भोंग्याचं तोंड कायम नदीकडं असायचं. गाव भोंग्याच्या पाठीमागं आणि भाषण भीमेच्या पाण्यावर. पलीकडचा काठ दौंड तालुक्यातला. तिथल्या लोकांचं मत आमच्या उमेदवाराला काडीच्याही उपयोगाचं नव्हतं. उमेदवार कपाळावर हात मारून घ्यायचे, पण भोंगा बाबूभाई तांबोळ्यांचा होता आणि पंचक्रोशीत दुसरा भोंगा नव्हता.

"अहो बाबूभाई, तोंड गावाकडं करा की!"

"गाव काय कुठं पळून चाललंय व्हय? पाठीमागूनबी ऐकू येतंय त्येला," असं म्हणून बाबूभाई भोंग्याखालचा दगड आणखी घट्ट बसवायचे.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी तिथं शाळामास्तर होतो. बाबूभाईंचं पानाचं दुकान चावडीशेजारी होतं. कात-चुन्याच्या डब्यांमागं भोंग्याचं मशीन धुतल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असे. गावात वीज नव्हती. मोटारीची बॅटरी होडीवाल्याबरोबर दौंडला जायची आणि चार्ज होऊन यायची. बाबूभाई स्वतः मात्र होडीत पाय ठेवत नसत. ते पाण्याला भितात अशी माझी समजूत झाली होती, आणि त्यांनी ती मोडली नाही.

भोंगा येण्याआधी आमच्याकडं राजकारण म्हणजे पाटलांच्या ओसरीवर चार डोकी बसायची आणि बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी माना हलवायच्या. भोंगा आला आणि वावरात खुरपणाऱ्या बाईलाही पुढाऱ्यानं "भगिनींनो" म्हटलेलं ऐकू यायला लागलं. बाबूभाईंना याचा फार अभिमान. उमेदवार घागर चिन्हाचा असो की छत्रीचा, त्यांना दोघे सारखेच. "भोंग्याला पक्ष नसतोय," हे त्यांचं ब्रीद. सकाळी ते घागरीवर शिक्का मारायला सांगत, दुपारी छत्रीवर, आणि कळकळ दोन्ही वेळा तेवढीच.

भानगड व्हायची ती शेवटी. प्रचार आटोपला की बाबूभाई जरा दम घेत आणि त्याच पट्टीत पुढं चालू ठेवत, "...तरी समद्यांनी घागरीलाच मत द्या. आन् शेळीला दोन करडं झाल्याती. एक पांढरं हाय. अम्मीचा गुडघा आता बरा हाय. लसणाची चटणी औंदा झणझणीत झालीया."

घागरवाले उमेदवार पुण्याचे वकील होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तर, या अम्मी कुठल्या समाजाच्या पुढारी? भेटून घेऊ का?"

गावाला सगळं माहीत होतं, मलाच उशिरा कळलं. बाबूभाईंची एकुलती लेक हलिमा पलीकडच्या गावात दिली होती. जावई इस्माईलही तांबोळीच, पण चळवळ्या. त्याच्या पक्षाकडं जीप नाही, भोंगा नाही, पैसा तर नाहीच. हा गडी पायी वस्त्या पालथ्या घालायचा. धनगरांच्या वस्तीवर ताक प्यायचा, खळ्यावर बसून मळणीला हात लावायचा आणि उठताना मताचं बोलायचा. लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला बाबूभाई लेकीला न्यायला गेले. जेवताना निवडणुकीचा विषय निघाला आणि इस्माईल बोलून गेला, "मामा, भोंग्यानं गर्दी जमती, मत न्हाई मिळत. मतासाठी उंबरा झिजवावा लागतोय."

झालं! बाबूभाईंच्या वर्मी लागलं. "तुझा उंबरा तर मी या जन्मात झिजवायचो न्हाई," म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठून आले. इस्माईलही हट्टाला पेटला. बाप स्वतः न्यायला आल्याशिवाय बायको माहेरी धाडणार नाही म्हणाला. रीतच तशी असल्यामुळं त्याला कुणी नावं ठेवू शकलं नाही. तेव्हापासून निवडणूक, उरूस, लग्न, सोसायटीची सभा, जे काही निघेल त्याच्या शेपटाला बाबूभाई घरची खुशाली बांधून पलीकडं धाडत होते.

पुढच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर माझी नेमणूक झाली ती नेमकी पलीकडच्या त्याच गावात. सकाळीच बायकांचा घोळका आला. त्या काळी बायका नाव सांगायला लाजायच्या, अमक्याची मंडळी म्हणून मोकळ्या व्हायच्या. या घोळक्यात पुढं असलेली एक बाई मात्र प्रत्येकीला ढोसत होती, "सोताचं नाव सांग गं! मत तुझं हाय, दाल्ल्याचं न्हाई." तिची पाळी आली तेव्हा तिनं खणखणीत नाव सांगितलं. हलिमा इस्माईल तांबोळी.

गर्दी ओसरल्यावर मी तिला गाठलं. बाबूभाईंच्या गावचा मास्तर, अशी ओळख सांगितली आणि विचारलं, "भोंगा ऐकू येतो का गं इथं?"

"येतोय की, गुरुजी!" तिचा चेहरा उजळला. "अब्बांचा आवाज आला की मी भाकर तव्यावर टाकून अंगणात पळती. पर शब्द न्हाई लागत. पाण्यावरनं नुसता आवाज येतोय. कुणाला मत द्या म्हंत्यात, अल्लालाच ठाऊक."

मी तिला शेळीचं सांगितलं, तिच्या अम्मीच्या गुडघ्याचं सांगितलं, चटणीचं सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"त्यास्नी म्हनावं, एकदा या. हितं बसून सांगा मला हे समदं."

मी परत येऊन बाबूभाईंना हे जसंच्या तसं सांगितलं. पानाला चुना लावणारा त्यांचा हात थांबला.

"एकबी शब्द न्हाई?"

"नाही."

"करडांचंबी न्हाई?"

मी मान हलवली. ते पान त्यांनी तसंच खाली ठेवलं आणि दुकानाला फळी लावली. इतकी वर्षं हा माणूस पाण्याशीच बोलत होता, हे मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भोंगा नदीकाठी आणला. निवडणूक तर होऊन गेलेली. पुन्हा मतदान आहे की काय म्हणून लोक धावत आले. बाबूभाईंनी घसा साफ केला. घागरीचं नाव नाही, छत्रीचं नाव नाही.

"हलिमा, माझं चुकलं, बेटा. इस्माईल खरं बोलला व्हता. तुझ्याबिगर घर खायला उठतंय. ईद कवा येती आन् कवा जाती, कळत न्हाई."

पाण्याला आलेल्या बायका हंडे भरून तशाच उभ्या राहिल्या. होडीवाल्यानं डोक्याचं मुंडासं काढून डोळ्याला लावलं. झाडून साऱ्या गावानं शब्द न् शब्द ऐकला. पलीकडं नुसता आवाज गेला असणार.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबूभाई, होडी लागलेलीच आहे. चला, हेच तिथं जाऊन सांगा."

ते होडीकडं बघत राहिले. मग मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "तिथं भोंग्याबिगर बोलावं लागंल, गुरुजी. मला जमंल का ते?"