खंजिराची आंघोळ

परंदवडीच्या बजरंगच्या घरी रविवारी जुनी हत्यारं जमवणारे तळेगावचे गंगाधर सर येणार होते, त्याच्या आजोबांचा लष्करी खंजीर तपासायला. सरांनी ‘अवस्था उत्तम’ असं लिहून दिलं, की खंजीर त्यांच्या प्रदर्शनात आजोबांच्या नावानिशी मांडला जाणार होता. बजरंगचा सगळा जीव त्यात अडकला होता. कारण आजोबा लढाईत नव्हतेच, पलटणीच्या भटारखान्यात कांदे चिरत होते, असं त्याचा मेहुणा चारचौघांत सांगत हिंडायचा.

रविवारी सकाळीच सरांचा फोन आला. “एक करा, खंजीर पुसू नका. त्याच्यावरचा काळपटपणा म्हणजेच त्याचं वय.”

बजरंग स्वयंपाकघरात धावला. त्याची बायको कस्तुराबाई पदराला हात पुसत होती. खंडेनवमीला कोयता-विळा घासतात तसा तिनं खंजीर चिंच आणि राखेनं घासून, हळदीकुंकू लावून पाटावर ठेवला होता. पात्यात तोंड दिसत होतं.

“अगं, काय केलंस ह्ये!”

“पाव्हणं हत्यार बघाया येनार, आन् त्ये पारोसं ठिवू व्हय?”

बजरंगनं तव्याखालची काजळी खोबरेलात कालवली आणि पात्याला फासली.

सर आले, सोबत पत्नी प्रमोदिनीबाई. सरांनी खंजीर नाकाशी नेला.

“खोबरेलाचा वास येतोय.”

“आमचं आबा लय टापटीप व्हते,” बजरंग बोलून गेला.

सरांनी पांढरा रुमाल फिरवला. रुमाल काळा झाला, पातं लख्ख. सरांनी कपाळाला हात लावला. “पात्यावरचा पलटणीचा शिक्का खरा आहे. खंजीर अस्सल. पण अवस्था अगदी खराब.”

“खराब? आवं, चकाकतंय की!” कस्तुराबाई उसळली.

“म्हणून तर खराब!”

बजरंगला रडू यायचंच बाकी राहिलं. मेहुण्याचं हसणं त्याला आत्ताच ऐकू येऊ लागलं.

तेवढ्यात प्रमोदिनीबाईंनी खंजीर उचलला. “अहो, किती सुरेख दिसतोय! दिवाणखान्यातल्या तुमच्या चाळीस गंजक्या तलवारी मी वीस वर्षं झटकतेय. ताई, उद्या याल का आमच्याकडे?”

“यीन की! सांजपतुर समद्या लख्ख करून दीन.”

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घाईघाईनं कागद काढला, ‘अवस्था उत्तम’ लिहून सही ठोकली आणि बजरंगला अंगणात ओढलं.

“पहिलं टेबल तुमच्या आजोबांचं. फक्त वहिनींना तळेगावला येऊ देऊ नका!”

बजरंगनं कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली.

“नाव जरा मोठ्या अक्षरात लिवा, सर,” तो शांतपणे म्हणाला. “तिला थोपवनं लय अवघड हाय.”