चंद्रीला काम पाहिजे

मल्लण्णांच्या घरात दोरी नाही. आमचं गाव कन्नड मुलखात, दुबलगुंडीच्या अलीकडं, इथं ज्या घरात दावं नाही असं घर शोधून सापडायचं नाही. मल्लण्णा मात्र धोतरसुद्धा बाभळीवर वाळत घालतात. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "ज्याला शिकवता येत न्हाई त्यानं बांधावं!"

ते शिकवतात कुत्र्यांना. जन्मभर मेंढरं राखली. पिल्लाचे डोळे उघडले की ते त्याला कोकरांमध्ये सोडतात, मेंढीचं दूध पाजतात, म्हणजे कळप त्याला घरचाच वाटतो. असं वाढवलेलं शेवटचं कुत्रं म्हणजे चंद्री. काळी, एका कानावर पांढरा ठिपका, पायांना क्षणाची उसंत नाही. एक शिट्टी दिली की कळपाला डावीकडून वळसा, दोन दिल्या की उजवीकडून, आणि "निल्लु!" म्हटलं की जागच्या जागी थांबायचं. हाताचा तळवा खाली दाबला की बसून राहायचं. हुकूम कन्नडात, शिव्या मराठीत.

गेल्या वर्षी हैदराबादेतला मुलगा आला आणि "अप्पा, आता आराम करा" म्हणत मेंढरं विकून गेला. मल्लण्णांना तो शब्द फार लागला. "आराम कर म्हणं! मी काय दवाखान्यात हाय का?" बायको त्याआधीच गेलेली. घरात उरले दोघं, आणि दोघांनाही काम नाही.

चंद्रीनं आपलं आपण शोधलं. शाळा सुटून निघालेली पोरं तिनं वळवून परत शाळेत घातली. बचत गटाच्या बायका गोळा करून मारुतीच्या पारावर चढवल्या. चिटगुप्प्याच्या बसला थांबलेली नऊ माणसं तर तिनं अशी दाबून धरली की बस आली आणि निघूनही गेली.

"चावली का कुणाला? न्हाई ना? मग!" मल्लण्णा उलट विचारायचे.

तक्रारीचा अर्ज लिहायला लोक माझ्याकडे आले. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. गावानं मला शिकताना सांभाळलं, म्हणून गावाचा अर्ज मी कधी नाकारत नाही. हाही लिहिला, चांगल्या कन्नडात. पंचायतीनं नोटीस काढली: आठ दिवसांत कुत्रं बांधा, नाहीतर लांब रानात नेऊन सोडू.

नोटीस घेऊन मल्लण्णा थेट माझ्या दारात.

"अर्ज तूच लिव्हलास ना? अक्षर चांगलं हाय. आता माझं लिव्ह."

"काय लिहू, अण्णा?"

"कुत्रं बांधणार न्हाई. त्याला काम देतो."

दुसऱ्या दिवशी ते दारोदार शेळ्या मागत फिरले. "तुझी शेळी दे. चारून आणतो. पैसा नको." फुकट म्हटल्यावर एकोणीस घरांच्या तेवीस शेळ्या जमल्या. त्यात आमचीही होती.

पण मेंढरं राखणाऱ्या माणसानं एक गोष्ट विचारात घेतली नव्हती. मेंढरं एकामागं एक मान खाली घालून चालतात, शेळी कुणाच्या मागं जात नाही. पहिल्याच दिवशी एक भिंतीवर चढली, चार तुरीत शिरल्या आणि शांताक्काची दाढीवाली म्हातारी शेळी शिंगं रोखून चंद्रीवरच धावली. चंद्री मटकन बसली आणि मालकाकडे बघू लागली.

"माझ्याकडं काय बघायलीस? मला बी येत न्हाई!"

तुरीचा मालक ओरडला, "अण्णा, हट्ट कामून करायलाव? बांधा की तिला!"

"बांधतो की. आधी तुझी जीभ बांध!"

सहा दिवस दोघंही शिकत होते. शेवटी मल्लण्णांच्या ध्यानात आलं की ती दाढीवाली पुढं निघाली की बाकीच्या कुरकुरत का होईना, मागं येतात. मग चंद्रीला त्यांनी फक्त तिलाच वळवायला शिकवलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी पंचायतीचे मेंबर पारावर येऊन बसले. तेवीस शेळ्या मोठा रस्ता ओलांडून ओळीनं आल्या, मागं चंद्री. तुरीचं पान हललं नाही. गल्लीत शिरल्यावर तर, रोज घरं बघून ठेवलेल्या चंद्रीनं ज्याची शेळी त्याच्या दारात नेऊन घातली. मेंबरांनी एकमेकांकडं पाहिलं.

"राहू द्या अण्णा, बांधू नका."

"बांधणार नव्हतोच."

तेव्हापासून हे रोजचं झालं आहे. फक्त एक खोड चंद्रीला लागली. शेळी आत घातली की ती उंबऱ्याशी आडवी होते आणि हलत नाही. मग घरातली बाई बाहेर येते. "अण्णा, जेवलाव का? काय केलंव आज?" दोन शब्द होतात, तेव्हा कुठं चंद्री उठते. एकोणीस दारं करायला दोन तास लागतात.

मी एकदा म्हणालो, "अण्णा, शेळ्या ती एकटी पोचवती. तुम्ही कामून पाय दुखवून घेताव?"

"ते कुत्रं हट्टी हाय. दारात बसतंय. मी काय करू?"

परवा मी बाजारातून येत होतो. आमच्या दारात मल्लण्णा पाठमोरे उभे होते, आईला दुपारच्या पिठल्यात मीठ कसं जास्त पडलं ते सांगत. चंद्री त्यांच्या पायामागं उंबऱ्याशी पडलेली. तिची नजर त्यांनी पाठीमागं धरलेल्या हाताकडे होती. तो हात, तळवा खाली करून, बोटांनी हळूच जमीन दाबल्यासारखा खाली खाली होत होता. आई म्हणाली, "बसा की अण्णा, चहा टाकते." हात तसाच राहिला.

मी मागच्या दारानं आत गेलो आणि आईला म्हणालो, "चहा जरा सावकाश उकळू दे."