टोकोबाच्या डोक्यातली एकजूट

एका जंगलात — ए, तोंडातलं बोट काढ आधी, मग ऐक — टोकोबा नावाचा सुतारपक्षी राहत होता. त्याची बायको सगुणा चार दिवसांत अंडी घालणार होती. आणि ढोली अजून अर्धीच कोरून झाली होती!

झालं होतं असं, की टोकोबाला कंपवात झाला होता. पहिली टोच जोरात. दुसरी जरा हळू. दहावी म्हणजे खोडाचा नुसता मुका. मग चोच टेकवून तो तसाच थिजून राही.

"आळशी मेला!" शेजारच्या खारी म्हणत. बिचाऱ्याला किती लागत असेल, सांगा बरं.

शेवटी तो डॉक्टर घुबडांकडे गेला. त्यांनी डोक्याला वायरी लावून त्याला टोचत राहायला सांगितलं आणि पडद्यावरच्या रेघा बघितल्या.

"डोक्यात एक संथ ताल असतो, एक जलद," डॉक्टर म्हणाले. "काम सुरू झालं की संथाने जलदाला जरा मोकळं सोडायचं. तुमचा सोडतच नाही. घट्ट धरून बसलाय."

"मग काय करू हो?"

"गोळ्या घ्या. आणि कुणी बाहेरून ठेका धरला, तर बघा चालते का चोच."

रिपोर्ट जंगलभर झाला. सरपंच गव्याने तो वाचला आणि त्याचे डोळे भरून आले.

"याच्या डोक्यात सगळे एकमेकांना धरून! कुणी फुटत नाही! अहो, आमच्या पंचायतीत मला हे कधी जमलं नाही!"

दुसऱ्याच दिवशी सत्कार. शाल, श्रीफळ आणि नऊ भाषणं.

"मला ढोली कोरायचीय हो," टोकोबा कळवळून म्हणाला.

"किती हा विनय!" गवा म्हणाला. टाळ्या पडल्या.

पाचव्या भाषणाला सगुणाचं डोकं फिरलं. "अहो, उठा! अंडी काय या मंडपात घालू?"

तिने त्याला घरी नेलं. पोट जड, तिला खोडाला लटकणं जमेना. मग ती फांदीवर बसून चोचीने ठेका धरू लागली. टक्. टक्. "माझ्याबरोबर टोचा. डोक्याचं ऐकू नका."

दहावी टोच जोरात पडली. चाळिसावीसुद्धा! मध्येच तो थिजे, ती पुन्हा सुरू करी. चौथ्या दिवशी सकाळी ढोली झाली आणि दुपारी तीन अंडी. दोघं आनंदाने नुसती किंचाळत सुटली.

तिकडे मंडपात टोकोबा नाही, हे नवव्या भाषणापर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी गव्याने रिकाम्या खुर्चीला शाल घातली.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी एकमेकांना घट्ट धरून राहा. मग कुणालाच काम करावं लागत नाही, आणि वर सत्कार होतो.