इंदू मावशीच्या गाडीत बूट चालत नाहीत

गाडीचं तोंड एकदम वर उचललं गेलं आणि मागच्या सीटवर मी आणि माझी आठ महिन्यांची चिमी, दोघी मागे कलंडलो. भर दुपारी, डेव्हन ॲव्हेन्यूवर. पुढे एक ट्रक, त्याच्या हुकाला आमची गाडी, आणि एक दाढीवाला माणूस काचेवर टकटक करून उतर उतर म्हणतोय. उतरू कशी? बाहेर घोटाभर बर्फ आणि माझे बूट डिकीत.

बूट डिकीत, कारण गाडी इंदू मावशीची. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते, साठीची आहे, एकटी. गाडी घेतली त्या दसऱ्याला तिने हार घातला, हळदकुंकू लावलं, आणि पूजा झालेल्या जागेत बूट कसे चालतील, असं तिचं म्हणणं. डिकी उघडायची, बूट टोपलीत ठेवायचे आणि मोज्यांवर टुणटुण उड्या मारत दारापर्यंत यायचं. शिकागोच्या जानेवारीत. एकदा आमचा घरमालक बर्फात अडकला, त्याला तिने लिफ्ट दिली. त्या सहा फुटी माणसालाही बूट काढायला लावले. त्याच्या मोज्याला भोक होतं. दुसऱ्या दिवशी मावशीने त्याला लोकरीच्या मोज्यांचा जोड नेऊन दिला.

आणि चालवते कशी, तर लग्नाची वरात निघाल्यासारखी. मागून हॉर्न वाजले की म्हणते, वाजवू देत, त्यांचं दूध उतू जातंय वाटतं. मी भित्री, दहावी नापास, इंग्लिश येत नाही, सिग्नलला सुद्धा डोळे मिटते. मला म्हणते, "घाबरायचं ते घरी गं, रस्त्यावर नाही."

तर तिचे यजमान गेले, आणि हॉस्पिटलची बिलं मागे ठेवून गेले. मावशीने बँकरप्सी, म्हणजे दिवाळखोरीची केस, फाइल केली. सगळ्यांना वाटलं आता गाडी सोडेल. ती म्हणाली सोफा न्या, टीव्ही न्या, गाडीचा हप्ता मी भरणार. पण यजमान आजारी असताना दोन हप्ते राहिलेले. केस फाइल केली की कुणाला गाडी ओढून नेता येत नाही म्हणे, पण लोनवाल्यांच्या त्या दाढीवाल्या माणसापर्यंत निरोपच पोचला नव्हता.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मावशी दुकानात मेथी निवडत होती, आणि मी चिमीला घट्ट धरून नुसतं "नो शूज, नो शूज" करत होते. तो चिडला, फोनवर कुणाशी बोलला, परत टकटक. मी रडायला लागले, मला बघून चिमी रडायला लागली. आत माणूस असला की गाडी नेता येत नाही, हे मला माहीतच नव्हतं. मी शूर नव्हते हो, माझे पायच हलत नव्हते.

मग मावशी आली. मेथीच्या जुड्या काखेत. ओरडली नाही, काही नाही. ट्रकसमोर उभी राहिली आणि आपला केस नंबर आरती म्हणतात तशा चालीत, ठेक्यात म्हणाली. दोनदा. त्याने पुन्हा फोन लावला. बराच वेळ ऐकलं, मान हलवली आणि गाडी खाली सोडली. संक्रांत जवळ आलेली, मावशीच्या पर्समध्ये तिळाचे लाडू. तिने त्याच्या हातावर एक ठेवला आणि मराठीतच सांगितलं, गोड बोल. तो थँक यू म्हणाला.

पण खरं संकट कोर्टात होतं. मावशीचाच वकील म्हणाला गाडीचा हप्ता तुम्हाला डोईजड होईल, गाडी ठेवायच्या कागदावर मी सही करत नाही, जजला विचारा. मी सोबत गेले. मावशी जरीचा शालू नेसून आली. वकिलाने कपाळाला हात लावला. मावशी म्हणाली, "दिवाळं निघालंय म्हणून फाटकं नेसू का?"

जज बाईंनी विचारलं, बस आहे तर गाडी कशाला. मावशी तिच्या इंग्लिशमध्ये बोलत राहिली. पहाटे पोळ्या लाटून दुकानांत पोचवते, हप्ता त्यातून निघतो, राहिलेले दोन हप्ते चकल्या विकून भरले. मग जज बाईंनी विचारलं कागदावर जेवणाचा खर्च इतका कमी कसा. मावशी म्हणाली उपास असतात, सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय एकादशी. बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. मी खाली बघत बसले. एकादशी आणि दुप्पट खाशी, मावशीच्या घरचे साबुदाणावडे मी खाल्लेले आहेत.

शेवटी मावशी म्हणाली, "मॅडम, बस सगळ्यांना नेते. पण पोरीला ताप किती आहे ते बस विचारत नाही." आणि माझ्याकडे, चिमीकडे बोट दाखवलं.

गाडी राहिली. जज बाईंनी स्वतः सांगितलं, हप्ते भरा, गाडी ठेवा. पार्किंगमध्ये मावशीने पर्समधून नारळ काढला आणि फुटपाथच्या कडेवर फोडला. गार्ड धावत आला. त्याला खोबरं मिळालं. मी टाळ्या वाजवत होते, वाटलं मीच जिंकले कुठलीतरी निवडणूक.

घरी आलो. मावशीने गाडी बंद केली, पण उतरली नाही. स्टिअरिंगवर हात तसेच.

"उद्या कुठे जायचंय तुला?"

म्हणलं कुठे नाही.

"परवा?"

 आरशात तिने माझ्याकडे बघितलं नाही, पुढे भिंतीकडेच बघत म्हणाली, "काहीतरी काढ ना गं. मागे कुणी बसलेलं असलं की दिवसाचं बोलून होतं माझं."

आता आमच्या ह्यांनी सेकंडहँड गाडी ठरवली होती. शनिवारी दारात येणार होती. मावशी, आता तुला आमच्यामागे पळायला नको, असं आनंदाने सांगायचं म्हणून मी सकाळपासून वाट बघत होते. ते ओठापर्यंत आलं होतं.

मी म्हणलं, परवा चिमीला दवाखान्यात न्यायचंय, लस आहे. लस तर झालेली होती. मावशी लगेच म्हणाली, नऊला तयार राहा, बाळाची टोपी विसरू नको.

शनिवार जवळ आलाय. मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही असता तर सांगितलं असतं का?